नवोदितांना व्यासपीठ कसं द्यावं

आपल्या भागात गाण्याबजावण्याचं वातावरण तयार व्हावं असं तुम्हाला मनापासून वाटतं ना? मग आधी बॅनर छापून घ्या. त्यावर तुमचा फोटो मोठा, पाहुण्यांचा त्याहून मोठा, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरांची नावं अगदी तळाला, दोरी बांधतात तिथे. एखादी वेलांटी चुकली तरी बिघडत नाही. नवोदितच आहेत.

मानधनाचा विषय कुणी काढलाच तर दुखावल्यासारखं तोंड करून म्हणा, "अहो, व्यासपीठ देतोय ना!" साउंडवाल्याला आणि फोटोग्राफरला मात्र व्यासपीठ देऊ नका. ते पैसे मागतात.

कलाकारांना चारला बोलवा. कार्यक्रम साडेसहाला.

साउंड चेक हवा म्हणाले तर माइकवर दोनदा टिचकी मारून दाखवा.

पालक असाल तर आपल्या लेकराचं झालं की लगेच उठा. पुढचं मूल दुसऱ्याचं असतं.

आणि वाद्यं लावायला वेळ मागितला तर खुशाल हसा. हे मी गेल्या रविवारी शिकून आलो. माझा विद्यार्थी, वय वर्षं १६, साथीला बसला होता. गाणारी मुलगी त्याच्याहून वर्षाने मोठी, पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सा. आतल्या खोलीत त्याने तबला सुरेख लावला होता. मग दोघांना रंगमंचावर आणून बसवलं आणि पाहुणे बोलायला उभे राहिले. विषय, तरुण कलाकारांना प्रोत्साहन. ४० मिनिटं! तेवढा वेळ एसीचा झोत थेट पुडीवर. पुडी म्हणजे शेवटी चामडंच, दमट हवेत तिचा सूर उतरतो, कोरड्या हवेत चढतो. भाषण संपलं तेव्हा तबला चांगलाच चढला होता. पोराने हातोडी उचलली. तबल्याला कडेने १६ घरं, म्हणजे चामडी पट्ट्यांमधल्या जागा, असतात; गजऱ्यावर, म्हणजे पुडीभोवतीच्या चामडी वेणीवर, ठोके देत एकेक घर सुरात आणावं लागतं. तो तिसऱ्या घरापर्यंत पोचला असेल नसेल, निवेदक माइकवर म्हणतात, "सुतारकाम घरून करून यायचं ना रे!" सभागृह खो खो हसलं. पोराचे कान लालबुंद. हातोडी खाली ठेवली आणि तो तसाच, चढलेल्या तबल्यावर वाजवायला बसला.

ठरलेल्या २० मिनिटांची तोवर ७ झाली होती. भाषणातून कापता येत नाही, गाण्यातून येतं. विलंबित, म्हणजे संथ, एकतालाचं १२ मात्रांचं एक आवर्तन, तालाचा एक पूर्ण फेरा, पाऊण मिनिट घेतं. म्हणजे ७ मिनिटांत जेमतेम नऊ आवर्तनं. चौथ्यालाच विंगेतून संयोजकांची घड्याळावर टकटक सुरू झाली, पाठोपाठ चिठ्ठी, "काहीतरी उडतं घ्या." रागाच्या विस्ताराला नुकती कुठे सुरुवात झाली होती. तिने तो तिथेच टाकला आणि तीनतालात द्रुत बंदिश धरली. पाहुणे? ते उठून चालले होते, मागोमाग पहिली रांग. ४० मिनिटं प्रोत्साहन देणाऱ्या माणसाला ७ मिनिटं खुर्चीत बसवलं नाही!

जाऊ दे, ही उपरोधाची कसरत आता जमत नाही. सरळच बोलतो. लाज वाटायला हवी होती तुम्हाला. तीन महिने ती दोघं रोज संध्याकाळी रियाझाला बसत होती, तुमच्या त्या सात मिनिटांसाठी. महिन्यातून एकदा एक खोली उघडून द्या, बॅनर नको, पाहुणे नकोत. एका मुलाला अर्धा तास द्या आणि तो अर्धा तास स्वतः गप्प बसून ऐका. बेसूर झालं तरी ऐका. वाद्य लागत असेल तर थांबा, फोन खिशात ठेवून. एवढंही होणार नसेल तर त्या पोरांना बोलावू नका, तुमची भाषणं तुम्हीच एकमेकांना ऐकवा.

आणि हो, गडबडीत आमची हातोडी तुमच्या रंगमंचावर राहिली आहे. ती तेवढी पाठवून द्या.