वाचाले कोनले टाइम शे?

आमच्या गावच्या वाचनालयाची यंदाची खरेदी ठरत होती. समितीतल्या एकाने ग्रुपवर टाकलं, ‘पाचशे पानांच्या वरची कादंबरी घ्यायची नाही. त्यातून विज्ञान कादंबरी असली तर मुळीच नाही. येवढं जाडं पुस्तक वाचाले कोनले टाइम शे?’ खाली अंगठ्यांची रांग. लिहिणारा माझा चुलतभाऊ. आम्ही त्याला नाना म्हणतो. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, पांझरा नदीकाठी, एकाच ओट्यावर आम्ही वाढलो. आठवडा झाला, ते वाक्य मला डाचतंय.

टाइम नाही म्हणजे काय? आपल्या खानदेशी कानबाईच्या उत्सवात रात्री जागायला टाइम असतो. भागवत सप्ताहात सात दिवस मांडी घालून बसायला असतो. डफावरचं वहीगायन, आपली लोकगाणी, उजाडेपर्यंत चालायचं, तेव्हा डफ थांबेपर्यंत माणसं हलत नसत. यावल तालुक्यातल्या सांगवीत जन्मलेल्या भालचंद्र नेमाड्यांची ‘हिंदू’ २०१० साली आली. ती चांगलीच जाडजूड, तरी खानदेशातल्या घराघरांत भांडणं होईपर्यंत वाचली गेली.

विज्ञान म्हटलं की मात्र आपल्याला आटोपशीर हवं, आणि त्याला कारण आहे. आपली विज्ञानकथा वाढली स्पर्धांतून आणि मासिकांतून. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली आणि ती पहिली आली. पुढे २०२१ साली ते नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कथांवर आमची पिढी पोसली, त्या ऋणाबद्दल मला शंका नाही. पण त्यातून सवय लागली ती एका बैठकीत एक कल्पना संपवण्याची. सातशे पानं एखाद्या परक्या ग्रहावर मुक्काम ठोकायचा, ही सवय आपल्याला कुणी लावलीच नाही.

मला ती इथे अमेरिकेत लागली. ओरेगनमधल्या हिल्सबरोला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात लायब्ररीतून फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ ही जाडजूड विज्ञान कादंबरी आणली. मॅक्स या लोकल रेल्वेच्या ब्ल्यू लाइनवर जाता-येता वाचायचो. बाहेर नोव्हेंबरपासूनची झड, आत पाण्याच्या थेंबासाठी तडफडणारं वाळवंट. पहिल्या शंभर पानांत मला काही म्हणजे काही कळलं नाही. नावं, पदव्या, पंथ, शिव्या, सगळं कुणी न समजावता अंगावर येतं. मागे शब्दार्थांची यादी आहे. दर पानाला मी तिकडे पळायचो. दीडशेच्या आसपास कधीतरी पळणं थांबलं, कधी ते कळलंही नाही. ऑफिसातही तेव्हा माझं हेच चाललं होतं. लोक कशाला हसतात ते कळायचं नाही, तरी बसून राहायचो. नानाला चालेल अशी, दोनशे पानांत उरकणारी कादंबरी असती, तर कळायला लागायच्या सुमारास ती संपलीच असती.

हर्बर्टला हे सुचलं ते इथून तीन तासांवरच्या फ्लॉरेन्सला. समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्या रस्त्यांवर सरकत होत्या आणि सरकारी शेतीखातं गवत लावून त्यांना थोपवत होतं. तो त्यावर लेख लिहायला गेला होता. लेख राहिला, कादंबरी झाली. वीसेक प्रकाशकांनी नाकारली आणि १९६५ साली छापली ती मोटारदुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनाने. ‘वाचाले कोनले टाइम शे’ म्हणणारे तिथेही होतेच.

पण नाना, तू हे वाचायला हवंस ते वेगळ्याच कारणासाठी. त्या वाळवंटातली माणसं पाणी मोजून राहतात. समोरच्याच्या पुढ्यात थुंकणं हा तिथे मान असतो, कारण तो स्वतःच्या अंगातलं पाणी देतो. ग्रह हिरवा करायची त्यांची योजना शेकडो वर्षांची आहे. आज बी लावणाऱ्याला झाड दिसणार नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. हे वाचताना मला आपले आबा दिसत होते. आबा पाटकरी होते, पाटाचं पाणी शेतांना वाटून देणारे. पांझरेवरचे बंधारे, त्यातून निघणारे पाट, गावाने मिळून ठरवायचं की यंदा कोणत्या फडात, म्हणजे शेतांच्या कोणत्या गटात, कोणतं पीक आणि पाणी कमी असेल तर कोणता फड कोरडा ठेवायचा. तीनशे वर्षांहून जुनी ही पद्धत. आबा फावडं घेऊन रात्री बारी फिरवायला निघायचे, कुणाच्या वाफ्याला एक घटका जास्त नाही की कमी नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही की हे हिशेब कुठे लिहिलेत. एका अमेरिकन माणसाने रचलेल्या ग्रहावरचे पाण्याचे कायदे मला तोंडपाठ आहेत, आणि आपल्या पाटाचे नाहीत.

त्या पुस्तकात एक तरुण, ज्याला त्याने स्वतः मारलं त्याच्या अंत्यविधीला रडतो. भोवतालची माणसं थक्क होऊन कुजबुजतात, हा मेलेल्याला पाणी देतोय. हे पान मी दुसऱ्यांदा वाचलं ते आबा गेले त्या वर्षी. व्हिसाचे कागद अडकले होते. दहाव्याचं मी फोनच्या पडद्यावर पाहिलं, तूच धरला होतास फोन. ऑरेन्को स्टेशन मागे पडलं, पुढचीही दोन स्टेशनं गेली, मी उतरलोच नाही.

पुस्तक आता विकत घेतलंय. डिसेंबरात धुळ्याचा एक मित्र येतोय, त्याच्याकडे पाठवतो. इंग्रजी आहे, जाड आहे, समितीच्या नियमात बसत नाही. वाचनालयात नको असेल तर आबांच्या खोलीतल्या फडताळात ठेव. आणि या वर्षी कोणता फड कोरडा ठेवलाय, तेवढं कळव.