डेक म्हणे थंडीत धुवायचा नाही!

"थंडीत लाकडी डेकला पाणी लावू नका, फळ्या तडकतात" अशी सुरुवात असलेला एक मेसेज दिवाळीपासून फिरतोय. आमच्या गुहागर-वेळणेश्वर पट्ट्यात ज्याने म्हणून पाहुण्यांसाठी घरामागे डेक, म्हणजे लाकडी फळ्यांचा उघडा ओटा, बांधलाय, त्याच्याकडे तो निदान दोनदा तरी येऊन गेला असेल. मेसेज मराठीत आहे, पण त्यातली थंडी आपल्याकडची नाही.

पाणी लाकडात गोठतं आणि फळी फुटते, हा पहिला मुद्दा. पाणी गोठतं शून्य अंशाला. दापोलीत पारा दहाच्या आसपास उतरला तरी पेपरात बातमी येते. कॅनडासारख्या बर्फाच्या मुलखात तो सल्ला योग्यच आहे: धुतलेल्या फळ्यांवर रात्री बर्फाचा पापुद्रा धरतो, माणूस आपटतो, धुण्याची पावडरही त्या गारठ्यात नीट काम करत नाही. आपल्याकडे डिसेंबरच्या दुपारी बनियनवर बसायची वेळ येते. उलट एप्रिलच्या उन्हात धुवायला घ्या, साबणाचं पाणी घासायच्या आधीच वाळून पांढरे डाग पडतात.

दुसरं म्हणे, थंडीत शेवाळ आपोआप मरतं, तेव्हा मार्चपर्यंत थांबा. मरत कसलं, नुसतं सुकतं. सुकून काळं पडतं म्हणून ते लाकडाचाच रंग वाटतं, आणि पहाटे दव पडलं की पुन्हा बुळबुळीत. सकाळी सहाला हातात चहाचा ट्रे घेऊन त्यावरून एकदा चालून बघा. त्यात आमच्या डेकवर हापूसच्या कलमाची फांदी आलीय. मोहोर धरला की तुडतुडे येतात, त्यांचा चिकटा खाली ठिबकत राहतो. आधी चप्पल चिकटायला लागते, मग काही दिवसांत त्या चिकट्यावर काजळीसारखी बुरशी धरते. ताजा असेल तर कोमट पाणी, थोडा साबण आणि ओलं सोडण (नारळाचं वरचं साल) एवढ्यावर तो निघतो. मार्चपर्यंत ठेवलात तर मग घासत बसा.

तिसरा मुद्दा ऐकायला सगळ्यांत पटणारा आहे: मिठाच्या पाण्याने धुवा, खलाशी नाही का बोटीचा डेक समुद्राच्या पाण्याने धुवायचे? धुवायचे, अगदी खरं. पण बोटीच्या फळ्या एकमेकींना भिडवून मधल्या फटी ठासून भरलेल्या असतात. त्या ओल्या राहून फुगलेल्याच हव्यात, आकसल्या तर सांधे उघडतात आणि पाणी आत येतं. खारं पाणी त्यांना ओलं ठेवतं आणि लाकूड कुजवणाऱ्या बुरशीलाही ते मानवत नाही. घराच्या डेकचं गणित उलटं. इथे दोन फळ्यांत मुद्दाम फट सोडतात, ती पाणी गळून लाकूड वाळावं म्हणून. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. शिवाय आपले स्क्रू खाऱ्या वाऱ्याने आधीच गंजलेले, त्यांना आणखी मीठ कशाला?

ब्लीच ओता आणि प्रेशर वॉशर मारा, या चौथ्या सल्ल्यावर फार वेळ घालवत नाही. ब्लीचने डेक गोरा दिसतो, पण लाकडाचे तंतू धरून ठेवणारा पदार्थच त्याने सुटतो आणि फळी केसाळ होते. प्रेशरची बारीक धार जवळून मारली की तेच, वर कुसळं. अनवाणी पोरं खेळतात त्यावर. आणि ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड मिसळायचं धाडस कुणी करू नये, विषारी वायू निघतो. खिळ्याभोवतीचे काळे डाग ही घाण नव्हेच. लोखंड आणि लाकडातला तुरटपणा एकत्र येऊन ते पडतात आणि ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ पाण्याने जातात. हातमोजे घालून लावायचं, मग भरपूर पाण्याने धुवायचं. तारेचा ब्रश नकोच, त्याचे तुटलेले कण फळीत अडकून नवे डाग देतात.

शेवटचा सल्ला, "धुतल्यावर त्याच संध्याकाळी तेल लावा, थंडीत छान मुरतं." हा मी गेल्या वर्षी पाळला. दुपारी धुतला, पाच वाजता जवसाचं तेल मारलं. वरून कोरडी दिसणारी फळी आत ओलीच होती आणि रात्री वरून दव पडलं. सकाळी सगळा डेक चिकट, दुधाळ. पाहुण्यांच्या पावलांचे ठसे खोलीभर, पांढऱ्या चादरींवरसुद्धा. आमच्या सौभाग्यवती त्या चादरी अजून मला दाखवतात.

आपल्याकडे सांभाळायचं ते दवाला. सकाळी दव उडाल्यावर धुवायला घ्या, मग दोन-तीन दिवस उन्हं खाऊ द्या. फळीवर पाण्याचा थेंब टाका: तसाच बसून राहिला तर थांबा, चटकन शोषला गेला तर तेल घ्या. तेही सकाळी दहा-अकराला, पातळ हात, आणि पंधरा-वीस मिनिटांनी वरचं जास्तीचं पुसून. पुसलेली फडकी मात्र कोपऱ्यात गोळा करून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा करून ठेवलेली फडकी आपली आपण पेट घेऊ शकतात. आम्ही ती पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतो.