प्लॅस्टर निघालं, पण हाडाचं काय?

हाडं ठिसूळ होण्याबद्दलच्या तुमच्या लेखातला ‘अस्थिरोगतज्ज्ञ तुटलेलं हाड बघतात, ठिसूळ झालेलं हाड बघत नाहीत’ हा मुद्दा अगदी पटला. आमच्या आईचंच उदाहरण. वय ६७, मोरीच्या उंबऱ्याला अडखळून हातावर पडली, मनगट मोडलं. प्लॅस्टर, कॅल्शियमच्या गोळ्या, सहा आठवड्यांनी ‘छान जुळलंय’ आणि आम्ही घरी. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलंच कसं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर आम्हीही नाही. अडीच वर्षांनी खुबा मोडला. तेव्हा कुठे डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी झाली. टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत घनता किती, तो आकडा) उणे ३.१! (उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार धरतात.)

दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, नुसतं उभ्याउभ्या पडून खुबा किंवा मणका मोडला तर स्कॅन काहीही म्हणो, उपचार सुरू करायचे. नुसतं कॅल्शियम आणि ‘डी’ जीवनसत्त्व पुरत नाही. आता तिला वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिड या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाचं सलाइन लावतात. आधी त्यासाठीच आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी होती. ती रिकाम्या पोटी घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. आईनं चहावरूनच ती बंद पाडली!

डॉक्टरांना सगळा दोष देत नाही, ओपीडीतली गर्दी आम्ही पाहिलीय. पण डिस्चार्ज कार्डावर ‘हाडांची घनता तपासा’ एवढी एक ओळ लिहायला कितीसा वेळ लागतो?