पोरांनो, स्टिकर नंतर लावा

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांब होईल, पण वाचा.

भाच्याची नवी बाइक, यामाहाची आर१५, घ्यायला जळगावच्या शोरूमला गेलो होतो. ताईने पूजा केली, नारळ फोडलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी तिथल्या पोराला म्हटलं, हिला फ्रेम स्लायडर, म्हणजे गाडी पडली तर आधी रस्त्याला टेकणारे नायलॉनचे गोळे, कोणते बसतात ते दाखव. तर म्हणतो, "कशाला सर? लूक जातो. स्पोर्ट बाइक आहे ही." भाचाही लगेच, "हो ना मामा, मित्र हसतील." वरून दाजी म्हणे, पहिल्याच दिवशी पडायच्या गोष्टी नको. आणि त्याच टेबलावर रेडियम स्टिकर, रंगीत लिव्हर, बाहेरचा सायलेन्सर यांचा हिशोब झाला, तेव्हा पैशाचा विषय कोणीच काढला नाही!

कन्नड घाटातली गोष्ट माझ्या मित्रांना माहीत आहे, तरी परत सांगतो. आम्ही दोघं घाट उतरून चाळीसगावकडे येत होतो. पाऊस नुकताच उघडला होता, डाव्या वळणाला कडेची बारीक खडी रस्त्यावर आलेली. पुढे असलेल्या दोस्ताचं पुढचं चाक सुटलं. वेग काहीच नव्हता, ट्रकच्या मागे रांगत होतो. गाडी डाव्या अंगावर पडली आणि थोडी घासत गेली. पठ्ठ्या उठून कपडे झटकत होता. मागून मी थांबायला गेलो आणि माझं मागचं चाक सर्रकन सरकलं. खाली पाहतो तर ऑइल! इंजिनच्या डाव्या बाजूचं झाकण, मॅग्नेट कव्हर, घासून फुटलं होतं आणि इंजिनचं काळं ऑइल उताराने पसरत चाललं होतं. माझ्या मागे दुसरा ट्रक होता.

लूकवाल्यांना हे कळत नाही, आणि इथेच माझा संताप होतो. तुमची गाडी पडली की तुमचंच नुकसान होतं असं थोडीच आहे? मागून येणाऱ्या माणसाने कुणाचं काय बिघडवलंय? ज्या रेसर लोकांचे फोटो मोबाइलवर लावता त्यांना विचारा. मोटोजीपी या बाइकच्या जागतिक शर्यतीत पुढच्या ब्रेक लिव्हरला गार्ड सक्तीचा आहे. सुपरबाइकच्या शर्यतीत ऑइल असलेल्या इंजिन कव्हरवर आणखी एक मजबूत कव्हर लावायला लावतात, का? पडलेल्याचं ऑइल ट्रॅकवर सांडून मागचे पडू नयेत म्हणून. त्यांचा लूक जात नाही, आणि आपला पारोळा-एरंडोल रोडवर जातो!

स्लायडर असता तर घाटात कव्हर नक्की वाचलं असतं असं कोणी लिहून देणार नाही, मान्य. पण गाडीचं वजन नायलॉनच्या त्या गोळ्यावर आलं असतं. त्याचं काम तेवढंच: इंजिन जिथे फ्रेमला बोल्टने बसवलेलं असतं त्या माउंटिंगला बसतो, फेअरिंगच्या, म्हणजे बाजूच्या प्लास्टिक पॅनेलच्या, बाहेर थोडा येतो, पडल्यावर आधी रस्त्याला टेकतो आणि घासत जातो. १४० किलोच्या गाडीखाली पाय सापडायची शक्यताही कमी होते.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे गॅरेजवाला लगेच जाड लोखंडी लेग गार्ड काढून आणतो. रोजच्या वापराच्या कम्युटर गाडीला, बुलेटला लावा, त्यावर पिशव्या लटकवा, माझं काही म्हणणं नाही. स्पोर्ट बाइकला तो नको. गाडी वळणात झुकते, बाहेर आलेला पाइप रस्त्याला लागू शकतो. पडल्यावर तो खड्ड्यात नाहीतर साइडपट्टीत रुतला तर घसरणारी गाडी उलटते, आणि झटका फ्रेमला बसतो. स्वस्तातल्या स्लायडरचंही तेच. बोल्टचं डोकं नायलॉनमध्ये खोल बसलेलं पाहिजे. ते वरच असेल तर थोडं घासलं की लोखंड रस्त्याला लागलंच. आणि हो, चांगला स्लायडरही जोरात आपटला तर माउंटिंग वाकवू शकतो. हा एक मुद्दा लूकवाल्यांना देऊन टाकतो.

असं काही लावलं की पोलीस पकडतात असंही एकाने सांगितलं. २०१७च्या डिसेंबरात केंद्राचं जे पत्र निघालं त्याचा रोख गाड्यांच्या बंपरपुढे लावतात त्या लोखंडी बुलबारवर होता, पायी चालणाऱ्याला ते घातक म्हणून. त्याचा या बोटभर नायलॉनशी काय संबंध? उलट मागच्या चाकाचा साडी गार्ड १९८९च्या मोटार वाहन नियमांत, नियम १२३ मध्ये लिहिलेला आहे, आणि पोरं लूकसाठी पहिला तोच काढून फेकतात. मागे आई बसणार, तिचा पदर चाकात गेला म्हणजे?

रस्त्यावर कशाला, उभी गाडीसुद्धा पडते. आपली काळी माती पावसात साइड स्टँड गिळते. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात डांबर मऊ होतं, स्टँड हळूहळू आत जातो आणि गाडी आडवी. स्टँडखाली ठेवायची चपटी प्लेट मिळते, तीही घ्या.

घाटातून दोस्ताची गाडी छोटा हत्तीत टाकून आणली. कव्हर आलं, मग गॅस्केट नाही, मग फेअरिंगचा डावा पॅनेल नाही. तोवर तो अमळनेरहून एसटीने कामावर जात होता. हप्ता मात्र दर महिन्याला कापला जात होता. त्याच्या माय गाडी पाहून एवढंच म्हणाल्या, "गाडी पडनी ते पडू दे, तुले काय व्हयनं?" आज ताईकडे पाहताना मला त्याच आठवत होत्या. भाच्यावर चिडलो खरा, पण वीस वर्षांच्या पोराला मित्रांच्या हसण्याची भीती वाटणारच, त्या वयात वाटतेच. आणि दाजी, लिंबू ठेवलं ते गाडीला काही होऊ नये म्हणूनच ना? त्याच मनाने स्लायडर लावू द्या. त्यात अपशकुन कसला?

हेल्मेट, हातमोजे, बूट आधी. स्लायडर माणसाला वाचवत नाही आणि ऐंशी-नव्वदला पडलात तर गाडीलाही फार नाही. पण ते घेतल्यावर खिशात जे उरेल त्याचा पहिला मान स्लायडरचा, सायलेन्सरचा नंतर.

भाचा आता तयार झालाय, काळ्या रंगाचा हवा एवढीच अट. तर जळगाव-भुसावळकडे कोणी चांगला मिस्त्री माहीत आहे का? इंजिन माउंटिंगचा बोल्ट अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने बरोबर मापात आवळणारा हवा. कमेंटमध्ये सांगा, रविवारी घेऊन जातो.