आषाढ पौर्णिमेचे दुसरे अंग
आपल्या लेखात आषाढ पौर्णिमेची नोंद केवळ गुरुपौर्णिमा म्हणून आली आहे, ही उणीव मला मनापासून खटकली. परंपरेनुसार बुद्धांनी सारनाथला पंचवर्गीय भिक्खूंना, म्हणजे आपल्या पहिल्या पाच शिष्यांना, पहिला उपदेश केला तो याच पौर्णिमेला, आणि दुसऱ्या दिवसापासून भिक्खूंचा तीन महिन्यांचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, सुरू होतो. हिंदूंचा चातुर्मास मात्र त्याआधीच, आषाढी एकादशीला बसतो. पावसात फिरताना कोवळे अंकुर आणि जीवजंतू पायदळी तुडवले जातात, म्हणून एका जागी राहावे, हा वर्षावासामागचा विचार किती हळुवार आहे! आश्विन पौर्णिमेला त्याची सांगता होते. पुढे महिनाभरात भिक्खूंच्या वस्त्राचे, म्हणजे चीवराचे, दान अर्थात कठिन चीवरदान येते, ज्यात दान मिळालेले कापड भिक्खूंनी एका दिवसाच्या आत कापून, शिवून आणि रंगवून त्याचे चीवर करायचे असते. पुढील लेखात याला जागा द्यावी, ही विनंती.