स्किझोफ्रेनिया असला म्हणजे म्हातारपणी स्मृतिभ्रंश ठरलेलाच, हे खरे नाही

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत ज्या घरी स्किझोफ्रेनिया या भास आणि संशय होणाऱ्या मानसिक आजाराचा वयस्क रुग्ण आहे, अशा अनेक घरांत सध्या व्हॉट्सॲपवरून एक मजकूर पोहोचतो आहे. त्याचे म्हणणे असे की, स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाला उतारवयात स्मृतिभ्रंश होतोच आणि ऐंशीव्या वर्षी शंभरातील सत्तरांना तो असतो. स्मृतिभ्रंश स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांमुळे होतो, म्हणून साठी उलटली की त्या बंद कराव्यात. आणि माणूस एकदा विसरू लागला की तपासण्यांवर पैसे घालवू नयेत. यातील आकडा एका खऱ्या अभ्यासातला आहे, म्हणूनच बाकीचे सगळे लोकांना खरे वाटते आणि रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

आधी तो आकडा पाहू. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मेडिकेअर या सरकारी विमा योजनेतील ८० लाखांहून अधिक ज्येष्ठांच्या नोंदी तपासल्या गेल्या. वयाच्या ८० व्या वर्षी स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी ७०.२ टक्के आणि नसलेल्यांपैकी ११.३ टक्के लोकांच्या नोंदीत स्मृतिभ्रंशाचे निदान सापडले. मात्र हे निदान विम्याच्या कागदपत्रांवरचे आहे. संशोधकांनी या माणसांना समोर बसवून त्यांची स्मरणशक्ती तपासली नव्हती. २०१५ मध्ये डेन्मार्कमधील पन्नाशीपुढच्या सुमारे २८ लाख लोकांच्या नोंदींवरून असाच अभ्यास झाला, आणि तिथे ८० व्या वर्षापर्यंत स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण स्किझोफ्रेनिया असलेल्यांत ७.४ टक्के, तर इतरांत ५.८ टक्के निघाले. दोन्ही अभ्यासांची मोजण्याची रीत वेगळी असल्यामुळे हे आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करता येणार नाही. पण एकाच वयासाठी ७० आणि ७ इतके दूरचे आकडे येत असतील, तर त्यांतला एकच उचलून घरोघरी ‘ठरलेले भविष्य’ म्हणून सांगणे अन्यायाचे आहे.

धोका वाढलेला असतो, हे मी नाकारत नाही. त्याच डॅनिश अभ्यासात वय आणि इतर गोष्टी जुळवून पाहिल्यावर तो साधारण दुप्पट आढळला. पण त्या वाढीमागे मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, कमी झालेले ऐकू येणे, अर्धवट सुटलेले शिक्षण आणि वर्षानुवर्षांचे एकटेपण अशी कारणे असू शकतात, आणि त्यांपैकी बरीच आपल्या हातातली आहेत. शिवाय एकाग्रता आणि नियोजन यांतली उणीव या आजारात बहुधा तरुणपणापासूनच असते. तिला उतारवयात स्मृतिभ्रंश म्हटले जाण्याची शक्यता मोठी आहे. न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयातील वृद्ध रुग्णांच्या मेंदूंची मृत्यूनंतर तपासणी झाली, तेव्हा अनेकांची बुद्धी हयातीत बरीच मंदावलेली असूनही अल्झायमरच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत नेहमीच्या आजाराच्या, खुणा अपेक्षेपेक्षा जास्त सापडल्या नाहीत. हे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

सर्वांत घातक मुद्दा गोळ्यांचा आहे, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिलेला इशारा स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या भास-संशयासाठी ही औषधे वापरल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा होता. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाने आपले औषध सोडावे, असे त्यात कुठेही नाही. उलट फिनलंडमध्ये ११ वर्षांच्या नोंदींवरून २००९ मध्ये असे दिसले की, औषध न घेणाऱ्या रुग्णांपेक्षा ते दीर्घकाळ घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी होते. औषध एकाएकी बंद केले, तर भास आणि संशय परत येऊ शकतात, झोप आणि जेवण तुटू शकते.

मात्र मूळ औषधासोबत थरथर आणि ताठरपणा कमी व्हावा म्हणून अनेकांना ट्रायहेक्सीफेनिडिलची गोळी दिलेली असते, आणि ती वर्षानुवर्षे तशीच चालू राहते. ही गोळी स्मरणशक्ती मंदावते, बद्धकोष्ठता आणते, लघवी अडवते आणि घामही कमी करते. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा घाम न येणारे, पाणी कमी पिणारे पंचाहत्तरीचे आजोबा दोन दिवसांत बरळू लागतात, माणसे ओळखत नाहीत. घरचे म्हणतात, आता यांचे डोके गेले. पण इतक्या अचानक आलेल्या गोंधळाला वैद्यकात डेलिरियम म्हणतात. तो स्मृतिभ्रंश नव्हे, तर तातडीने दवाखान्यात नेण्याची अवस्था आहे, आणि कारण वेळीच सापडले तर माणूस बहुधा सावरतो. म्हणून ही गोळी अजून लागते का, हे मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य विचारावे, आणि कमी करायची ठरली तर त्यांच्या सांगण्यानुसार हळूहळू करावी.

तपासण्या व्यर्थ आहेत, हे म्हणणे तर सरळ चुकीचे आहे. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, घसरलेले सोडियम, नैराश्य, पडल्यानंतर काही आठवड्यांनी मेंदूवर साचलेले रक्त, या सगळ्यांमुळे विसरणे वाढते आणि या सगळ्यांवर उपचार आहेत.

स्मरणशक्तीची चाचणी कशी होते, याकडेही कुटुंबाने लक्ष द्यावे. जन्मभर अहिराणी बोललेल्या, शाळेत न गेलेल्या आजीला प्रमाण मराठीत तारीख विचारली आणि शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले, तर निकाल तिच्या शिक्षणाचा लागतो, स्मृतीचा नव्हे. हरियाणातील बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी संशोधकांनी मुद्दाम हिंदीत वेगळी चाचणी तयार केली होती, ती याच अडचणीमुळे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) कोणती लेक माहेरी आली होती, यंदा कानबाईच्या सणाचे रोट झाले का, हे अहिराणीत विचारले तर आजी काय सांगते ते पाहावे. तपासणीला जाताना सोबतच्या माणसाने सर्व गोळ्यांची पाकिटे न्यावीत, आणि दोन वर्षांपूर्वी आजी कोणती कामे एकटीने करत होती आणि आज त्यांतली कोणती सुटली, हे डॉक्टरांना नेमके सांगावे. स्किझोफ्रेनियाची जुनी उणीव आणि नवा स्मृतिभ्रंश यांतला फरक डॉक्टरांना मुख्यतः याच माहितीवरून कळतो.