‘शुक्र कर, रडू नकोस’ म्हणणाऱ्यांना

गेल्या पावसाळ्यात आमच्या नात्यातल्या एका घरी तरुण मुलगा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी बायका जमल्या होत्या. त्याच्या चपला अजून दारातच होत्या, त्यांना हात लावायला कुणी धजत नव्हतं. आई रडत होती. तेवढ्यात एकीने मोबाईल काढला आणि आलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. तो तुमच्याही फोनवर आला असेल. शब्द इकडचे तिकडे होतात, आशय तोच: खरा मोमिन (श्रद्धावान) संकटात फक्त ‘अल्हम्दुलिल्लाह’ (सगळी स्तुती अल्लाहची) म्हणतो, रडणं आणि गाऱ्हाणं सांगणं ही नाशुक्री, म्हणजे कृतघ्नपणा. संकट येतं ते आपल्या गुनाहांची सजा म्हणून. शुक्र केला, म्हणजे आभार मानले, की अल्लाह दुप्पट देतो. आणि संकट टळलं की वाईट दिवसांची आठवण काढू नये, तीही नाशुक्रीच.

आईने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि ती गप्प झाली. रात्री मला हळूच म्हणाली, “बाय, मी रडले म्हणून माझं ईमान गेलं का गं?”

आपली श्रद्धाच गेली का, या तिच्या प्रश्नासाठी मी हे लिहिते आहे.

आधी रडण्याचं बघू. पैगंबर मुहम्मद (स.) यांचा मुलगा इब्राहीम दीड वर्षाचाही असेल-नसेल, तेव्हा गेला. तो दूध प्यायला मदीनेतल्या एका लोहाराच्या घरी असायचा. भात्याच्या धुराने ते घर भरलेलं असे. पैगंबर तिथे जात, बाळाला उचलून घेत, त्याचा मुका घेत, वास घेत. एके दिवशी गेले तेव्हा बाळ शेवटचे श्वास घेत होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांचे साथी अब्दुर्रहमान बिन औफ यांनी विचारलं, “अल्लाहचे रसूल, तुम्हीसुद्धा?” उत्तर मिळालं, “इब्ने औफ, ही तर रहमत आहे, दया आहे.” आणि पुन्हा डोळे वाहू लागले. मग म्हणाले, डोळे रडतात, मन दुःखी होतं, पण तोंडाने आम्ही तेच बोलतो जे आमच्या रबला, पालनकर्त्याला, आवडतं. इब्राहीम, तुझ्या जाण्याने आम्ही दुःखी आहोत. हे ‘बुखारी’ आणि ‘मुस्लिम’ या हदीसींच्या, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या, दोन्ही संग्रहांत आहे. ज्यांच्या नावाने गप्प बसवता, ते स्वतः चारचौघांत रडले आहेत. गाल बडवून घेणं, कपडे फाडणं याला मनाई आहे, ती मी नाकारत नाही. पण आसवांना ती लागू नाही.

आता गाऱ्हाण्याचं. कुरआनच्या बाराव्या सूरेतली (अध्यायातली) हजरत याकूब यांची गोष्ट लहानपणी आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. त्यांचा मुलगा यूसुफ मेला असं भासवायला त्याच्या सदऱ्याला खोटं रक्त लावून भाऊ घरी येतात, तेव्हा याकूब म्हणतात, ‘सब्रुन जमील’, सुंदर सब्र, म्हणजे धीर. आपण गोष्ट सांगताना बहुतेक वेळा इथेच थांबतो. पुढे, कित्येक वर्षांनी, दुसरा मुलगाही मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) अडकतो. तेव्हा हेच याकूब तोंड फिरवून म्हणतात, “हाय यूसुफ!” आणि दुःखाने त्यांचे डोळे पांढरे पडतात (१२:८४). मुलं म्हणतात, यूसुफची आठवण काढत काढत तुम्ही मरणार आहात. नीट ऐका, हा सूर ओळखीचा आहे. त्या दुपारी मोबाईल हातात घेऊन बोललं गेलं ते याच मुलांच्या सुरात. त्यावर बाप म्हणतो, “मी माझ्या दुःखाचं गाऱ्हाणं अल्लाहकडेच करतो.” म्हणजे गाऱ्हाणं आहे, फक्त ते कुणाकडे न्यायचं हे त्यांना ठाऊक आहे. आणि लगेच पुढच्याच आयतीत (कुरआनच्या वचनात) ते मुलांना पाठवतात: जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या रहमतीबद्दल निराश होऊ नका. रडणं, दुआ आणि शोध, तिन्ही एकाच माणसाच्या ठायी आहेत. हजरत अय्यूबही ‘मला त्रास होतोय’ असं रबला सांगतात (२१:८३), आणि त्यांच्याविषयीच कुरआन म्हणतं की आम्हाला तो सब्र करणारा आढळला (३८:४४).

‘मुस्लिम’ या संग्रहातल्या एका प्रसिद्ध हदीसीत मोमिनाच्या दोन अवस्था सांगितल्या आहेत: सुख मिळालं तर शुक्र, दुःख आलं तर सब्र. दुःखातही कुणाच्या तोंडून अल्हम्दुलिल्लाह निघतं, फार मोठ्या मनाचं लक्षण आहे ते. पण ते आतून निघावं लागतं, दुसऱ्याने मागून घ्यायचं नसतं.

‘सजा’ हा शब्द मला सगळ्यात जास्त लागला. तुमच्यावर येणारी मुसीबत तुमच्या हातांच्या कमाईमुळे, अशी आयत आहे (४२:३०), आणि तिच्यातच पुढे आहे की अल्लाह बरंच काही माफ करतो. ती माणसाने स्वतःकडे बघून वाचायची. दुसऱ्याच्या मयतीच्या घरात तिचा दगड करायचा नाही. सूरे फज्रमध्ये तर (८९:१५-१७) या हिशोबालाच नकार आहे. सुबत्ता आली की माणूस म्हणतो, रबने माझा मान केला. हात आखडला की म्हणतो, रबने माझा अपमान केला. उत्तर येतं: ‘कल्ला’, मुळीच नाही! उलट तुम्हीच अनाथाचा मान ठेवत नाही.

दुप्पट मिळण्याचं थोडक्यात. ‘शुक्र कराल तर मी तुम्हाला वाढवून देईन’ ही आयत खरी आहे (१४:७). काय वाढवून देईन, ते तिथे सांगितलेलं नाही. पैसा हा शब्द आपण घातला. शुक्र कसा दिसतो ते पैगंबरांचे साथी काब बिन मालिक यांच्याकडे बघा. पैगंबरांच्या तबूकच्या लष्करी मोहिमेला ते गेले नाहीत, म्हणून ५० दिवस कुणी त्यांच्याशी बोललं नाही. एका सकाळी टेकडीवरून हाक आली, काब, खुशखबर! माफी मिळाली होती. ते तिथेच सजद्यात गेले, कपाळ जमिनीला टेकवलं. बातमी आणणाऱ्याला अंगावरचे दोन्ही कपडे काढून दिले, आणि जवळ दुसरे नव्हते म्हणून उसने मागून घातले. मशिदीत तल्हा नावाचे साथी धावत उठून आले, हात हातात घेतला. ते काब आयुष्यभर विसरले नाहीत. सगळी मालमत्ता देऊन टाकायला निघाले, तेव्हा पैगंबरांनीच थांबवलं, थोडी स्वतःकडे ठेव.

आणि वाईट दिवस विसरायचे? हीच १४:७ आयत पैगंबर मूसांच्या तोंडची आहे, आणि तिच्या आधीच्या आयतीत ते आपल्या लोकांना सांगतात, फिरऔनच्या, इजिप्तच्या राजाच्या, छळातून सुटका झाली ती आठवा. सूरे दुहामध्ये खुद्द पैगंबरांना आठवण करून दिली आहे: तू अनाथ होतास, आसरा दिला ना? म्हणून अनाथाला दडपू नकोस, मागणाऱ्याला झिडकारू नकोस. भोगलेलं आठवलं तरच दुसऱ्याचं दिसतं. उलट, संकटात आडवा, बसून, उभा राहून हाका मारणारा आणि सुटका होताच जणू कधी हाक मारलीच नव्हती असा निघून जाणारा माणूस, त्याची तक्रार कुरआनमध्ये आहे (१०:१२). विसरणं ही नाशुक्री.

मयतीच्या घरी काय करायचं तेही सांगून ठेवलेलं आहे. पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर शहीद झाल्याची बातमी आली तेव्हा पैगंबर म्हणाले, जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा, त्यांच्यावर असं काही ओढवलंय की त्यांना काही सुचणार नाही.

त्या घरी तीन दिवस शेजारच्या काकूंकडून तांदळाच्या भाकऱ्या आणि कालवण येत होतं. त्या रात्री मी तिला इब्राहीमची हकिगत सांगितली. ती खूप वेळ रडली, या वेळी ओढणी तोंडात न घालता. चौथ्या दिवशी सकाळी तिने काकूंची भांडी स्वतः घासली, पुसली. रिकामी कशी द्यायची म्हणून परसातली लिंबं काढून एका पातेल्यात ठेवली. डोळ्यांचं पाणी चालूच होतं. मग ती भांडी घेऊन कुंपणापाशी गेली आणि काकूंना हाक मारली.